पासून आणि पर्यंत

काकांच्या डब्यातल्या लोणच्याच्या बरणीवर तारीख असायची. चपलेच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिलेली तारीख असायची. ऑफिसमधला एखादा दिवा बदलला, तर स्टुलावर चढून होल्डरशेजारी पेन्सिलीने तारीख टाकल्याशिवाय ते खाली उतरत नसत. आणि ती आपण लिहितो तशी सरळ तारीख नव्हे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सगळे आकडे एकाला एक चिकटवून. महिना एक आकडी असेल तर त्याच्या आधी शून्य, दिवस एक आकडी असेल तर त्याच्याही आधी शून्य. मी नवीन होते तेव्हा चपलेतला तो आठ आकडी मजकूर मला फोन नंबरच वाटला होता. देवळाबाहेर हरवली तर कुणी फोन करून परत आणून द्यावी म्हणून लिहिला असेल, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

मी सटाण्याहून नाशिकला पहिल्या नोकरीसाठी आले होते. शरणपूर रोडच्या एका आडगल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. तीन खोल्या, बारा माणसं आणि जिना चढताना धाप लागली की थांबायला दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी. जुनी कागदपत्रं, नोंदवह्या, रजिस्टरं कुणी टाइप करून दिली की त्यांत हवं ते चटकन सापडेल असं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. साहेब पस्तिशीचे होते, मी तेविशीची, बाकीचे मधले. आणि काका साठीचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी सारी नोकरी दर तासाला बॉयलरचे आकडे वहीत लिहिण्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, हे कॉम्प्युटर शिकले. नाशिकरोडहून सिटी बसने यायचे आणि बसच्या तिकिटामागेही तारीख लिहायचे. तिकिटावर ती छापलेली असतेच, असं मी एकदा सांगून पाहिलं. ‘उलटी छापलेली असते,’ असं उत्तर मिळालं.

‘केव्हा’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ‘काका, केव्हा आलात?’ असं कुणी सहज म्हटलं की उलट प्रश्न यायचा, ‘किती बारीक हवंय? दिवस, तास की मिनिट?’ साहेबांना तर ते घाम फोडत. एखादं काम केव्हा संपेल असं साहेबांनी विचारलं की काका म्हणायचे, ‘मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत.’

‘काका, गिऱ्हाइकाला एक तारीख सांगावी लागते हो.’

‘सांगतो की. पण एक सांगितली तर ती खोटी असेल. चालेल?’

लग्नपत्रिका हा त्यांचा खास रागाचा विषय होता. कुणाची पत्रिका आली की चष्मा कपाळावर सरकवून ते ती मोठ्याने वाचायचे. ‘सायंकाळी सहा वाजून सदतीस मिनिटांनी! अरे, नवरदेव अजून घोड्यावर बसायचाय, मामा पंगतीत आहे आणि यांना सदतिसावं मिनिट हवंय. जेवढं पाळणार तेवढंच लिहावं ना माणसाने.’ मग त्या पत्रिकेवर पेनाने ‘संध्याकाळ’ असं लिहून ती परत देत. माझ्या एका मैत्रिणीच्या पत्रिकेचं त्यांनी असंच केलं आणि मला तिच्याकडून दुसरी प्रत मागून घ्यावी लागली, कारण आईला ती देवापुढे ठेवायची होती.

हा नुसता विक्षिप्तपणा आहे असं मला पहिले दोन महिने वाटत होतं. मग माझं पहिलं काम त्यांच्यासमोर उताणं पडलं. एका संस्थेची जुनी पत्रं होती. मी प्रत्येक पत्राची तारीख अगदी सेकंदापर्यंत साठवली होती, मनातून स्वतःची पाठही थोपटली होती. एका वर्षातली पत्रं मागितली की मशिन ठीक चालायचं. पंधरा वर्षांतली मागितली की गोठल्यासारखं उभं राहायचं. काकांनी खुर्ची ओढली.

‘तुमच्याकडे कांदा मोजतात कसा?’

मी म्हटलं, ‘ट्रॅक्टरने. नाहीतर गोणीने.’

‘एकेक कांदा का नाही मोजत?’

‘येडं लागंल का, काका?’

‘मग या मशिनला का लावलंस? पंधरा वर्षं म्हणजे त्याला पंधरा वर्षांतला एकेक सेकंद उचलून बघायला लावतेस तू. मधली तेरा-चौदा वर्षं अख्खी उचल, ट्रॅक्टरने. कडेचे महिने गोणीने. आणि अगदी टोकाला उरतील ते दिवस सुटे मोज.’

त्या दुपारी आम्ही प्रत्येक तारखेच्या तीन चिठ्ठ्या केल्या. एक नुसत्या वर्षाची, एक वर्ष-महिन्याची, एक पूर्ण दिवसाची. सेकंद टाकून दिले, कारण पत्र कोणत्या सेकंदाला लिहिलं हे विचारायला कोणी येणार नव्हतं. पंधरा वर्षांची यादी डोळ्याची पापणी लवायच्या आत आली आणि तीही ओळीने, जुन्यापासून नव्यापर्यंत. वर्ष आधी आणि शून्य जागच्या जागी असलं की आकडे आपोआप रांगेत उभे राहतात, त्यांना कुणी हाकायला लागत नाही, हे काकांनी चपलेतून आणि लोणच्यातून इतके दिवस सांगितलेलं मला तेव्हा कळलं. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

माझ्या आईची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख एक जून आहे. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच आहे, कारण मास्तरांना शाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांची वयं बसवायची होती. हे मी काकांना हसत सांगितलं तर त्यांना हसू आलं नाही. खरी तारीख आजीला विचार म्हणून माझ्या पाठीच लागले. मी सटाण्याला फोन लावला, तर आजी म्हणाली, ‘कांदा काढाना दिन व्हतात.’ म्हणजे कांदा काढणीचे दिवस होते. काकांनी ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, शेजारी दोन महिन्यांची नावं लिहिली आणि म्हणाले, ‘बघ, तुझ्या आजीला माहीत आहे. मास्तरांना माहीत नव्हतं, त्यांनी ठोकून दिलं.’ जिथे माहीत नाही तिथे एक आकडा ठोकून देणं, एक तारीख, एक जानेवारी, एक जून, याची त्यांना मनस्वी चीड होती. कोणत्याही यादीत ‘एक’ हा आकडा दिसला की ते मूळ कागद मागायचे.

मग आमच्याकडे गुरुजींचं काम आलं. गुरुजी म्हणजे रामकुंडावरचे एक तीर्थोपाध्याय. कुणाच्या अस्थी घेऊन माणसं गोदावरीवर आली, की कोणत्या गावचे, कोण आले, कोण गेलं, कोणत्या तिथीला गेलं हे वहीत लिहून घ्यायचं आणि खाली आलेल्या माणसाची सही घ्यायची, ही त्यांच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या त्यांच्या माडीवर भिंतीला लागून रचलेल्या होत्या. गुरुजींचे गुडघे दुखायला लागले होते आणि माडीवर चढवत नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे आले.

पहिल्यांदा दाखवायला नेलं तेव्हा आमची चांगलीच शोभा झाली. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं आणि एका वर्षाच्या नोंदी पडद्यावर आल्या. पहिला महिना आश्विन, मग आषाढ, मग कार्तिक, मग चैत्र. मशिनने बिचाऱ्याने अक्षरांप्रमाणे लावले होते. गुरुजी बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘तुमच्या मशिनीत आधी दसरा आणि नंतर पाडवा का हो?’ साहेबांचा चेहरा पडला. काका मात्र इतके खूश झाले की परतताना त्यांनी आम्हा सगळ्यांना मिसळ खायला नेलं. त्यांच्या जोगतं काम आलं होतं. चैत्राला शून्य एक, मार्गशीर्षाला शून्य नऊ, शुद्ध पक्षाचे पहिले पंधरा, वद्य पक्षाचे पुढचे पंधरा, अधिक महिन्याला कुठे बसवायचं याची भांडणं. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा शीळ घालताना ऐकलं.

खाली टपरीवर चहा पिताना त्यांनी मला खरं काय ते सांगितलं. सांगताना बशीकडे बघत होते.

‘त्या वह्यांत माझं एक नाव असेल. माझी आई.’

काका मूळचे येवल्याचे. वडील पैठणीच्या मागावर बसत. काका चार वर्षांचे असताना आई तापाने गेली आणि वडील एकटेच अस्थी घेऊन नाशिकला आले. पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. ती आईही चांगली होती, काका आवर्जून सांगत, पण घरात पहिलीचा विषय कधी निघाला नाही. वडील मुळातच कमी बोलत. पितृपक्षात अविधवा नवमीला घरातल्या सवाष्ण गेलेल्या सगळ्या बायकांबरोबर तिचंही पान वाढलं जाई, वडील गेल्यावर तेही थांबलं. ती नक्की कोणत्या दिवशी गेली हे सांगणारं कुणी उरलं नाही. नगरपालिकेत नोंद नव्हती. गुरुजींकडे काका पूर्वी दोनदा जाऊन आले होते, पण येवल्याच्या वह्यांची शिवण सुटून पानं एकमेकांत मिसळली होती.

‘मला तिचा चेहरा आठवत नाही,’ काका म्हणाले. ‘फोटो नाही. निदान दिवस तरी पाहिजे ना ग, एखाद्या माणसाचा.’

जगातल्या प्रत्येक बरणीवर तारीख लिहिणाऱ्या माणसाकडे ही एक तारीख नव्हती. मी म्हटलं, येवल्याची पानं आधी टाइप करून घेऊ. ते चिडलेच. गावं ओळीने येतील, येवल्याची पाळी येईल तेव्हा येईल, आपल्या घरचं आहे म्हणून रांग मोडायची नाही.

वह्यांत पुष्कळ ठिकाणी तिथीची जागा कोरी होती. आलेल्या माणसाला सांगता आली नसेल, किंवा मागाहून पंचांग बघून भरू म्हणून उपाध्यायांनी बोटभर जागा सोडली असेल आणि ती तशीच राहिली असेल. काकांनी त्यावर उपाय काढला होता. प्रत्येक नोंदीला दोन खण. एकात ‘पासून’, दुसऱ्यात ‘पर्यंत’. तिथी माहीत असेल तर दोन्हींत तीच. नुसता महिना माहीत असेल तर पासून एक, पर्यंत तीस. म्हणजे त्या महिन्यातला कोणताही दिवस शोधला तरी ती नोंद सापडेल आणि सापडताना आपल्याला दिवस माहीत नाही हे प्रामाणिकपणे सांगेलही. हे करायला आधीचं पुष्कळ काही उलटंपालटं करावं लागणार होतं. ते काम माझ्याकडे होतं.

तेवढ्यात काकांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ते पंधरा दिवस घरी बसले. इकडे साहेबांनी गुरुजींना सोमवारी सगळं दाखवतो म्हणून कबूल केलेलं. कोऱ्या तिथीच्या नोंदी आल्या की माझी यादी अडखळत होती, मधेच तुटत होती. शनिवारी संध्याकाळी मी एक ओळ लिहिली. तिथी कोरी असेल तर एक धर. यादी सुरळीत धावायला लागली. सोमवारपुरतं आहे, नंतर काढून टाकू, असं मी स्वतःला बजावलं आणि सोमवारी साहेबांनी पेढे वाटले, मंगळवारी दुसरं काम आलं, आणि ती ओळ माझ्या डोक्यातून साफ गेली. याला माझ्याकडे कसलीही सबब नाही.

येवल्याची पानं दिवाळीनंतर टाइप होऊन आली. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. वडिलांचं नाव, गाव, अंदाजे तीन वर्षांचा काळ, एवढं त्यांनी घातलं आणि बटण माझ्याकडून दाबून घेतलं. एकच नोंद आली. वडिलांचं नाव, ‘पत्नी’ म्हणून आईचं नाव आणि शेवटी चार आकडे, शून्य नऊ शून्य एक. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा.

काकांनी खिशातून रुमाल काढून नव्या डोळ्यावरचा काळा चष्मा पुसला, तो परत घातला, परत काढला. टाइप करण्यासाठी काढलेले पानांचे फोटो तेव्हा अजून नोंदींना जोडलेले नव्हते, पण ते माझ्याकडे मागता आले असते. ‘एक’ हा आकडा दिसला की मूळ कागद मागणाऱ्या माणसाने त्या दिवशी तो मागितला नाही. आणि मलाही, देवाशपथ, काही आठवलं नाही. मी त्यांच्या आनंदात इतकी होते की उठून सगळ्यांना सांगत सुटले.

त्या वर्षी मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी काकांनी रजा घेतली, जी त्यांनी ऑपरेशनखेरीज कधी घेतली नव्हती. गुरुजींना घरी बोलावून आईचं पहिलं श्राद्ध केलं. दुसऱ्या दिवशी कामावर आले ते चेहरा वेगळाच. मला म्हणाले, ‘काल जेवताना वाटलं, ती होती खरंच. इतके दिवस नुसतं ऐकल्यासारखं होतं.’ पाकिटातला एक चिठोरा काढून दाखवला. त्यावर ते चार आकडे होते. वर्षभर तो त्यांनी बाळगला.

पुढच्या पितृपक्षात गुरुजींचा फोन आला आणि तो मी उचलला. ज्या तिथीला माणूस गेलं त्या तिथीला पितृपक्षात त्याचं पान, आणि आमच्या यादीवरून गुरुजींनी घरोघर तिथ्या कळवल्या होत्या.

‘बाई, एक विचारायचं होतं,’ गुरुजी म्हणाले. ‘आमच्या यजमानांत प्रतिपदेलाच एवढी माणसं कशी गेली? काल घाटावर उभं राहायला जागा नव्हती.’

फोन ठेवता ठेवताच मला ती शनिवारची ओळ आठवली. मी येवल्याच्या पानाचा फोटो शोधून काढला. उपाध्यायांचं वळणदार अक्षर, ‘मार्गशीर्ष’ एवढा शब्द, पुढे बोटभर कोरी जागा आणि खाली काकांच्या वडिलांची सही. वाकडी, जोर देऊन केलेली. एवढ्या लांब अस्थी घेऊन आलेल्या त्या माणसाला तिथी विचारल्यावर बोलता आलं नसेल. ती कोरी जागा मी भरली होती.

तीन दिवस मी काकांच्या समोर जायचं टाळलं. न सांगता निभावलं असतं, हेही खरं. गुरुजींच्या बाकीच्या नोंदी गुपचूप नीट करायच्या आणि ही एक तशीच ठेवायची, असा विचार मी दोन रात्री केला. तिसऱ्या दिवशी टपरीवर काकांनी माझाही चहा सांगितला आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले, आणि रडल्याचा मला जास्तच राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

काकांनी बशी खाली ठेवली. पाकीट काढलं, चिठोरा उघडून बघितला, घडी घालून परत ठेवला. मग विचारलं, ‘अशा किती आहेत?’

‘मोजल्या नाहीत.’

‘चल, मोजू.’

त्यांनी रागवावं म्हणून मी मनातून विनवत होते. ते जिना चढताना एवढंच म्हणाले, ‘एक वर्ष तरी तिला स्वतःचा दिवस होता. बाकीच्यांचं बघायला हवं आधी.’

चारशे बारा निघाल्या. त्यातल्या साठेक घरांना गुरुजींनी तिथी कळवून झाली होती. दुरुस्तीचं काम मी केलं, फोन काकांनी केले. रोज दुपारी यादी घेऊन बसायचे आणि प्रत्येकाला सांगायचे, तुम्हाला कळवलेली तिथी आमच्या मशिनची चूक होती. माझं नाव एकदाही घेतलं नाही. निफाडकडचा एक शेतकरी भडकलाच. ‘असं कसं वो? मंग आता बाप कधी गेला म्हनायचं आमी?’

‘चैत्रात गेले,’ काका म्हणाले. ‘दिवस वहीत नाही. जेवढं वहीत आहे तेवढंच सांगतो.’

पलीकडचा आवाज उतरला. मग तो माणूस म्हणाला, ‘चैतात व्हय? मंग बरोबर हाय. जत्रेच्या टायमाला गेला, आई म्हनायची. पालखी दारावरून गेली नाय त्या वर्षी.’ जत्रा चैत्री पौर्णिमेची होती. काकांनी त्याच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’मध्ये चार दिवस लिहिले आणि फोनवरच त्याला धन्यवाद दिले. अशी बरीच घरं निघाली, जिथे कुणाची म्हातारी, कुणाची आत्या काहीतरी म्हणायची. काकांच्या घरी असं काही म्हणणारं कुणी नव्हतं.

येवल्याची ती नोंद त्यांनी शेवटासाठी ठेवली. सगळ्या झाल्यावर खुर्ची बाजूला घेऊन मला म्हणाले, ‘ही तू कर.’ मी पासून एक केलं, पर्यंत तीस केलं. काकांनी पडद्यावर वाकून नीट वाचलं आणि मान डोलावली. ‘आता खरं आहे,’ म्हणाले.

महिन्याभराने मार्गशीर्ष लागला. पहिल्या दिवशी दुपारी काका डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी गेले. वरण-भाताचा एक घास कागदावर घेऊन त्यांनी तो खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवला, दोन मिनिटं थांबले आणि वर येऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रविवारी घरच्या गच्चीत ठेवला, हे सोमवारी मला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी तक्रार केली तेव्हा साहेब बिचकत बिचकत म्हणाले, ‘काका, हे किती दिवस?’

‘अमावास्येपर्यंत.’

‘पण रोज कशाला? गुरुजींना विचारून एखादा दिवस ठरवून टाका ना.’

‘ठरवला असता,’ काका म्हणाले, ‘तर तो बहुधा चुकला असता. आता एकोणतीस दिवस चुकीचे आहेत, हे मला माहीत आहे. पण तिचा एक सुटत नाही.’

साहेबांनी वकिलांना काय सांगितलं कोण जाणे, तक्रार परत आली नाही.

वद्य पक्षात काका तापाने आडवे झाले. त्या वर्षी थंडी फारच होती, सकाळी गाडीच्या काचेवर दव थिजलेलं असायचं. साडेबाराला माझा फोन वाजला. आवाज पार बसला होता.

‘माझ्याच्याने आज अंथरुणातून उठवत नाही ग. खिडकीत तू ठेवशील का?’

माझ्या डब्यात बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी होती. मी विचारलं, चालेल का. ते म्हणाले, तिला काय आवडायचं ते मला तरी कुठे माहीत आहे. मी खाली गेले, भाकरीचा तुकडा मोडला, वर भाजी ठेवली आणि कठड्यावर सरकवला. समोरच्या निलगिरीवर कावळे होते, पण एकही हलला नाही. मी उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ज्या बाईला मी गेल्या वर्षी चुकीच्या दिवशी जेवायला बोलावलं होतं तिला काय म्हणावं ते मला कळेना, आणि कदाचित आजच तिचा दिवस असेल, या विचाराने माझा तिथून पाय निघेना. पुन्हा फोन वाजला.

‘ठेवलंस?’

‘ठेवलं. पण कुणी आलं नाही अजून. मी थांबलेय.’

‘जेवलीस का तू?’

‘नाही. कावळ्यांनी घेतल्यावर जेवते.’

‘नको,’ काका म्हणाले. ‘तू वर जा, जेवून घे. तिला थांबायची सवय आहे.’